उघड्या लाकडाचा शिल्पी : टिल्मान रीमेनश्नायडर

जर्मनीच्या दक्षिण भागात, माइन नदीच्या काठी, व्युर्त्सबुर्ग नावाचे एक प्राचीन शहर आहे. तेथील कॅथीड्रलला लागून असलेल्या जुन्या दफनभूमीत १८२२ साली खोदकाम चालू असता एक कोरीव शिळा हाती लागली. तिच्यावर एका गृहस्थाची आकृती उठावात कोरलेली होती. डोक्यावर चपटी टोपी, अंगात पायघोळ अंगरखा आणि हातात जपमाळ. शिळेवरील लेखावरून कळले ते एवढेच, की १५३१ साली संत किलियानच्या सणाच्या आदल्या दिवशी निधन पावलेल्या टिल्मान रीमेनश्नायडर या गुणी मूर्तिकाराची आणि व्युर्त्सबुर्गच्या नागरिकाची ही स्मृतिशिळा होय.

हे नाव त्या काळी जवळजवळ विस्मृतीत गेले होते. आसपासच्या गावांतील चर्चमध्ये ज्या मूर्तींपुढे लोक पिढ्यान् पिढ्या गुडघे टेकत आले, त्या कोणी घडविल्या हे विचारण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. मध्ययुगीन कारागीर आपल्या कामावर नाव घालीत असे ते क्वचितच. रीमेनश्नायडरने तर ते घातलेच नाही. शिळा सापडल्यावर मात्र जिज्ञासूंनी नगरसभेची जुनी दप्तरे, कारागिरांच्या संघाच्या नोंदवह्या, चर्चचे जमाखर्च आणि करारनामे उलगडण्यास आरंभ केला. १८४९ साली कार्ल बेकर याने त्याच्यावरील पहिले स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. कागद आणि मूर्ती एकमेकांशी ताडून पाहता पाहता एका विलक्षण माणसाचे चरित्र हळूहळू आकारास आले. शिळेवर त्याच्यासाठी योजलेले दोन शब्द, मूर्तिकार आणि नागरिक, हेच त्या चरित्राचे दोन काठ होत. पहिल्या शब्दाने त्याला कीर्ती दिली आणि दुसऱ्याने त्याला बंदिवास घडविला.

रीमेनश्नायडरचा जन्म १४६०च्या सुमारास थुरिंगिया प्रदेशातील हायलिगेनश्टाट या गावी झाला. वडिलांचे नावही टिल्मानच होते. माइन्त्सच्या आर्चबिशपपदावरून त्या काळी मोठा कलह पेटला होता. त्या धामधुमीत वडिलांची मालमत्ता गेली आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले. पुढे हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ओस्टेरोडे येथे वडिलांना टांकसाळीचे प्रमुखपद मिळाले. नाण्याच्या ठशावर नखाएवढ्या जागेत चेहरा आणि अक्षरे कोरण्याचे काम मुलाने लहानपणीच पाहिले असावे. सत्तेच्या भांडणात सामान्य घराचे काय होते, याची ओळखही त्याला त्याच वयात झाली असली पाहिजे.

त्याचे एक चुलते व्युर्त्सबुर्गच्या बिशपच्या सेवेत मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्यामुळे तरुण टिल्मानचा या शहराशी संबंध आला. त्याने कोणत्या गुरूच्या हाताखाली पटाशी धरली, याची नोंद मिळत नाही. त्याच्या कामाच्या धाटणीवरून अभ्यासक असे मानतात, की उल्म आणि स्ट्रासबुर्ग या शिल्पकलेच्या केंद्रांकडे त्याचे उमेदवारीचे दिवस गेले असावेत. ७ डिसेंबर १४८३ रोजी मात्र व्युर्त्सबुर्गच्या संत लूकच्या संघात कारागीर म्हणून त्याचे नाव नोंदले गेले. चित्रकार, मूर्तिकार आणि काचकाम करणारे यांचा हा व्यवसायसंघ होता. बाहेरच्या कारागिराला स्वतःचे दुकान थाटायचे तर शहराचे नागरिकत्व आणि उस्तादाचा दर्जा आवश्यक असे. १४८५ साली रीमेनश्नायडरने एका सोनाराच्या विधवेशी विवाह केला. तीन सावत्र मुलगे, एक प्रशस्त घर आणि व्यवसायास पुरेसे भांडवल या विवाहाने त्याच्या पदरी आले, आणि त्याच वर्षी तो नागरिकही झाला व उस्तादही. पुढे तीन वेळा त्याला पत्नीवियोग सोसावा लागला आणि एकंदर चार विवाह झाले. त्या काळच्या कारागिराच्या घरी शिकाऊ मुले, नोकरचाकर आणि पाठची लेकरे यांचा मोठा गोतावळा असे. गृहिणीवाचून कारखाना चालणे अशक्यच होते.

आरंभीच्या काळात त्याने अलाबास्टर या मऊ पांढऱ्या दगडातील लहान मूर्ती घडविल्या. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संग्रहालयात संत जेरोम आणि सिंह यांची त्याची एक मूर्ती आहे. तिची उंची सुमारे ३८ सेंटीमीटर, म्हणजे एका हातापेक्षाही कमी आहे. पंजात काटा रुतलेला सिंह वृद्ध साधूच्या मांडीवर पुढचे पाय टेकून उभा आहे, आणि साधू तो काटा काढीत आहे. दगडातील सुरकुत्या, बोटांची ठेवण आणि त्या श्वापदाचा विश्वास एवढ्या लहान आकारात सामावला आहे. पुढे त्याने कित्येक पुरुष उंचीच्या वेदी उभारल्या, तरी त्याच्या कलेचे मर्म या लहान कामातच प्रथम दिसते. तळहाताएवढ्या जागेत माणसाचे मन दाखविणे ही त्याची खरी विद्या होती.

त्याची कीर्ती मुख्यत्वे आहे ती लाकडासाठी. दक्षिण जर्मनीत लिंडेन नावाचा वृक्ष विपुल आढळतो. त्याचे लाकूड मऊ, एकसारख्या पोताचे आणि पटाशीला सहज वश होणारे असते. परंतु या लाकडाची एक खोड आहे. ओंडक्याचा गाभा आणि बाहेरचा भाग सारख्या वेगाने वाळत नाहीत, आणि त्यामुळे पुढे लाकडाला भेगा पडतात. म्हणून मूर्तिकार ओंडका मागील बाजूने पोखरून काढीत आणि पुढचे कवच तेवढे ठेवून त्यातून मूर्ती साकारीत. काम करताना ओंडका उभा नसे. तो एका मजबूत चौकटीत दोन्ही टोकांना पकडून आडवा ठेवीत, आणि गरजेप्रमाणे फिरवीत. त्या काळच्या कित्येक मूर्तींच्या डोक्यावर या पकडीचे छिद्र सापडते. सपाट पटाशी, गोल पटाशी, मोगरी आणि शेवटी वस्त्राची वीण किंवा काठ दाखविण्यासाठी बारीक ठसे, एवढ्या हत्यारांवर सगळा संसार चाले. एकदा निसटलेला टवका परत चिकटविता येत नाही. म्हणून हाताइतकीच मनाची स्थिरता या कामात लागते.

लाकडी मूर्ती म्हणजे रंगविलेली मूर्ती, असे त्या युगाचे समीकरण होते. मूर्तिकाराने आकार कोरून द्यावा, त्यावर खडूचा लेप बसावा, आणि मग रंगाऱ्याने गोरे गाल, निळे वस्त्र आणि सोन्याचा वर्ख चढवून तिच्यात प्राण ओतावा, अशी रीत होती. बुबुळाची नजर आणि ओठांचे हसू ही रंगाऱ्याची मिरास होती. रीमेनश्नायडर हा ही रीत मोडणाऱ्या पहिल्या काही मूर्तिकारांपैकी एक होय. आपल्या कित्येक प्रमुख मूर्ती त्याने रंगाविना ठेवल्या. त्यांवर फक्त तपकिरी झाक असलेला पातळ पारदर्शक लेप दिला. डोळ्यांत काळा ठिपका आणि ओठांवर किंचित तांबूस छटा, एवढेच. रंगाच्या अभावी सारा भार पटाशीवर पडला. पापणीची कड किती जाड ठेवावी, गालाच्या हाडाखाली किती खोल उतरावे, वस्त्राची घडी कोठे मोडावी म्हणजे तिच्या सावलीत दुःख दिसेल, हे सगळे कोरतानाच ठरवावे लागले. रंगाचा खर्च वाचावा हा हेतू काही ठिकाणी असेल. भपक्याविषयी धर्मनिष्ठांच्या मनात उत्पन्न होऊ लागलेली अप्रीतीही त्यामागे असेल. कारण काहीही असो, मूर्तिकाराने प्रथमच आपले काम आपल्याच हाताने पूर्ण केले.

हे धाडस सर्वांना रुचले असे मात्र नाही. म्युनरश्टाट या गावाने १४९० साली त्याच्याशी मरिया मॅग्दालीनच्या वेदीचा करार केला, आणि १४९२ पर्यंत वेदी उभी राहिली. मध्यभागी देवदूतांनी वर उचललेली तपस्विनी मरिया होती, तिचे सर्वांग केसांच्या लहान लहान वळशांनी झाकलेले होते. गावकऱ्यांनी काही वर्षे ते उघडे लाकूड पाहिले, आणि नंतर त्यांना ते अपुरे वाटू लागले. १५०४ साली त्यांनी रंग देण्याचे काम फाइट श्टोस याच्याकडे सोपविले. हा श्टोस म्हणजे त्या युगातील दुसरा थोर मूर्तिकार. पैशाच्या व्यवहारात बनावट कागद केल्याबद्दल न्यूर्नबेर्ग शहराने १५०३ साली त्याच्या दोन्ही गालांवर डाग दिले होते, आणि तो तेथून निसटून म्युनरश्टाटला आला होता. एका महान कलावंताच्या मूर्तींवर दुसऱ्या महान कलावंताने पोटासाठी रंग चढवावा, असा हा योग. कालांतराने तो रंगही उतरला, आणि वेदीचे भाग निरनिराळ्या संग्रहालयांत गेले. मरिया आज म्युनिकमध्ये आहे आणि चार शुभवर्तमानकार बर्लिनमध्ये आहेत.

याच सुमारास व्युर्त्सबुर्गच्या नगरसभेने मरियेच्या प्रार्थनामंदिराच्या दरवाजासाठी आदाम आणि एवा यांच्या दगडी मूर्ती त्याच्याकडून करून घेतल्या. आदामाला दाढी असावी की नसावी, यावर नगरसभेत रीतसर विचार झाला आणि दाढी नसावी असे ठरले. १४९३ साली त्या मूर्ती दरवाजावर चढल्या. पापाचे भय दाखविणारी विरूप माणसे पाहण्याची सवय असलेल्या नागरिकांना हा तरुण, निरागस आणि काहीसा गोंधळलेला आदाम नवीनच वाटला असेल. त्यानंतर काही वर्षांनी त्याने बिशप रुडोल्फ फॉन शेरेनबेर्ग याच्या समाधीचा तांबड्या संगमरवरातील पुतळा केला. नव्वदी ओलांडून गेलेल्या त्या धर्माधिकाऱ्याची प्रत्येक सुरकुती, खाली ओघळलेली कातडी आणि दमलेले ओठ त्याने जसेच्या तसे दाखविले. बिशपांच्या समाधीवर पद कोरण्याची परंपरा होती. त्याने तेथे माणूस कोरला.

रोटेनबुर्ग येथील संत याकोबाच्या चर्चमधील पवित्र रक्ताची वेदी ही त्याची सर्वांत ख्यातनाम कृती होय. येशूच्या रक्ताचा थेंब मानला जाणारा अवशेष तेथे जपलेला होता, आणि त्याच्यासाठी ही वेदी हवी होती. सांगाड्याचे काम एर्हार्ड हार्श्नर या सुताराकडे १४९९ साली गेले, आणि मूर्तींचा करार १५०१ साली रीमेनश्नायडरशी झाला. सुताराला ५० गुल्डन मिळाले, मूर्तिकाराला ६०. म्हणजे नगरपित्यांच्या लेखी चौकट करणारा आणि तिच्यात प्राण ओतणारा यांच्यात फार अंतर नव्हते.

या वेदीत शेवटच्या भोजनाचा प्रसंग आहे, आणि त्याची मांडणी चकित करणारी आहे. चित्राच्या मध्यभागी येशू नाही. तेथे यहूदा उभा आहे. हातात पैशांची थैली, आणि मान गुरूकडे वळलेली. येशू त्याच्याकडे घास पुढे करीत आहे. भोवतालचे शिष्य एकमेकांकडे पाहतात, कुजबुजतात, कोणी आपल्याच विचारात बुडाला आहे. विश्वासघात करणारालाही त्या पंगतीतून उठविलेले नाही. उलट करुणेचा हात त्याच्यापर्यंत पोहोचतो, असे जणू ही मांडणी सांगते. यहूदाची मूर्ती सुटी करता येते, आणि ती काढली म्हणजे येशूच्या कुशीत टेकलेला योहान नजरेस पडतो. या दृश्याच्या मागे गोल काचांच्या खिडक्या बसविल्या आहेत. दिवस जसा चढतो तसा प्रकाश मूर्तींच्या मागून सरकत जातो, आणि सकाळी कठोर दिसलेला चेहरा दुपारी व्याकूळ दिसतो. रंगाऱ्याचे काम येथे सूर्यप्रकाशाने केले आहे.

क्रेग्लिंगेन गावाबाहेरील लहानशा चर्चमधील मरियेची वेदी त्यानंतर काही वर्षांत तयार झाली. सुमारे नऊ मीटर उंचीच्या या वेदीचा करारनामा उपलब्ध नाही. कामाची जात हाच तिचा पुरावा. मध्यभागी मरिया स्वर्गारोहण करीत आहे आणि खाली शिष्य तिच्याकडे पाहत आहेत. त्या शिष्यांचे हात पाहण्यासारखे आहेत. शिरा फुगलेल्या, सांधे वर आलेल्या, कष्टाने रापलेल्या माणसांचे ते हात आहेत. वेदीच्या तळपट्टीवर बारा वर्षांचा येशू पंडितांशी चर्चा करतो असा प्रसंग आहे. त्यातील टोपी घातलेला एक गृहस्थ म्हणजे स्वतः रीमेनश्नायडर, असा समज आहे.

बाम्बेर्गच्या कॅथीड्रलमधील सम्राट हाइन्रिश आणि सम्राज्ञी कुनिगुंडे यांच्या समाधीवर तो १४९९ ते १५१३ अशी चौदा वर्षे काम करीत होता. समाधीच्या बाजूंवर त्या दांपत्याच्या आख्यायिका लहान आकाराच्या उठावचित्रांत कोरल्या आहेत. त्यांतील एका चित्रात सम्राज्ञी चर्च बांधणाऱ्या मजुरांना स्वहस्ते मजुरी देत आहे. पुढे धरलेल्या भांड्यातून ज्याने त्याने आपल्या हक्काचे नाणे उचलावयाचे आहे. जो अधिक घेईल त्याचा हात ते नाणे भाजून काढील. हत्यारे हातात घेतलेले, कमरेला कामाचे वस्त्र गुंडाळलेले हे गवंडी आणि पाथरवट मूर्तिकाराने नक्कीच रोज पाहिलेले होते. श्रमाचे मोल आणि न्याय यांची ही गोष्ट त्याने जितक्या आस्थेने कोरली आहे, तितक्या आस्थेने सम्राटाचे वैभव कोरलेले दिसत नाही.

त्याच्या कलेला मर्यादाही होत्या. मागणी वाढली तसा कारखाना वाढला. डझनभर शिकाऊ मुलांची नावे संघाच्या वहीत आढळतात. उस्तादाने नमुना द्यावा आणि हाताखालच्यांनी त्याची आवृत्ती काढावी, असे पुष्कळदा झाले. लांबट चेहरे, किंचित उतरते डोळे आणि दुखरी मुद्रा यांची पुनरावृत्ती त्याच्या नावावरील अनेक मूर्तींत दिसते. त्याच काळात इटलीत आणि न्यूर्नबेर्गच्या ड्युरेरच्या चित्रशाळेत माणसाच्या देहाचा जो नवा अभ्यास चालला होता, त्याकडे तो फारसा वळला नाही. तो जुन्या गॉथिक जगाचाच वारस राहिला. मात्र त्या जगाने मावळण्यापूर्वी आपले सर्वांत कोमल रूप त्याच्या हातून प्रकट केले.

आता त्याच्या नागरिकपणाकडे वळावयास हवे. १५०४ साली तो व्युर्त्सबुर्गच्या नगरसभेवर निवडून आला, आणि पुढची वीस वर्षे या ना त्या नात्याने तेथे राहिला. घरे आणि द्राक्षमळे यांचा तो धनी होता, आणि १५२० साली नगरप्रमुखाच्या पदापर्यंत पोहोचला. अशा प्रतिष्ठित गृहस्थाने उतारवयात शांतपणे जपमाळ ओढावी, हेच जगाच्या दृष्टीने योग्य होते. परंतु व्युर्त्सबुर्गचा कारभार सरळ नव्हता. शहराचा बिशप हा धर्मगुरूही होता आणि प्रदेशाचा राजाही. नदीपलीकडच्या टेकडीवरील मारीएनबेर्ग किल्ल्यात त्याचे वास्तव्य असे. नगरसभेने ठराव करावा आणि किल्ल्याने तो मोडावा, असे भांडण कित्येक पिढ्या चालत आले होते.

१५१७ नंतर ल्यूथरच्या विचारांनी जर्मनी ढवळून निघाली. त्यापाठोपाठ १५२५ साली शेतकऱ्यांचा उठाव झाला. वेठबिगारी नष्ट व्हावी, जंगलातील लाकूड आणि नदीतील मासे यांवर गावाचा हक्क असावा, आपला धर्मोपदेशक आपण निवडावा, अशा मागण्या शेतकऱ्यांनी बारा कलमांत लिहून काढल्या होत्या. हजारो शेतकरी व्युर्त्सबुर्गच्या दिशेने चालून आले. बिशप कोन्राड फॉन थ्युंगेन याने नगरसभेकडे साहाय्य मागितले. शेतकऱ्यांवर शस्त्र धरण्यास नगरसभेने नकार दिला. तो नकार देणाऱ्यांत साठीच्या पलीकडे गेलेला रीमेनश्नायडर होता. ज्याच्या दोन पूर्वाधिकाऱ्यांच्या, म्हणजे शेरेनबेर्ग आणि बिब्रा या बिशपांच्या, समाधी त्याने घडविल्या होत्या, त्याच धर्मपीठाच्या अधिपतीविरुद्ध तो उभा राहिला. त्याच्या उदरनिर्वाहाचा मोठा भाग चर्चवर अवलंबून होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या नकाराचे मोल कळते.

मे महिन्यात बिशप हायडेलबेर्गला निघून गेला. शहर शेतकऱ्यांना मिळाले, आणि त्यांनी मारीएनबेर्गला वेढा घातला. पण किल्ला पडला नाही. जूनच्या आरंभी संस्थानिकांच्या सुसज्ज फौजांनी उघड्या मैदानावर शेतकऱ्यांची कत्तल केली आणि व्युर्त्सबुर्ग शरण आले. बाजारचौकात अनेकांचा शिरच्छेद झाला. रीमेनश्नायडर आणि त्याचे सहकारी मारीएनबेर्गच्या तुरुंगात गेले. सुमारे दोन महिने तो तेथे होता. चौकशीत त्याला यातना देण्यात आल्या, हे तत्कालीन नोंदींवरून स्पष्ट होते. ऑगस्टमध्ये त्याची सुटका झाली. मालमत्तेचा एक भाग जप्त झाला आणि नगरसभेतील स्थानही गेले.

पुढे अशी कथा रूढ झाली, की बिशपच्या माणसांनी या मूर्तिकाराचे हात मोडले, आणि म्हणून त्याने पुन्हा पटाशी धरली नाही. ही कथा ऐकताच मनाला भिडते, आणि कादंबरी-नाटकांनी तिला आणखी दूरवर नेले. पण तिला आधार देणारा समकालीन कागद एकही नाही. उलट १५२७ साली किट्सिंगेनच्या मठातील वेदींच्या दुरुस्तीचे काम त्याच्याकडे होते, अशी नोंद मिळते. त्याच्या मौनाला दुसरीही कारणे होती. वय पासष्टीचे झाले होते. धर्मसुधारणेच्या लाटेत संतांच्या मूर्तींची मागणीच ओसरली होती. शहराचा धनाढ्य वर्ग भेदरलेला होता, आणि बंडखोर ठरलेल्या माणसाकडे काम घेऊन जाणे धोक्याचे होते. तेव्हा हात मोडले नसतीलही. पण ज्या जगासाठी ते हात काम करीत होते ते जग मोडून पडले होते. ज्याने आयुष्यभर वेदी उभारल्या त्याच्या वाट्याला शेवटी दुसऱ्यांच्या वेदींची डागडुजी यावी, यात जे दुःख आहे त्याला आख्यायिकेची जोड लागत नाही.

माइडब्रोन येथील चर्चमध्ये क्रुसावरून उतरविलेल्या येशूसाठी शोक करणाऱ्यांचा त्याचा एक दगडी उठावपट आहे. तो त्याच्या अखेरच्या कामांपैकी होय. त्या समुदायाच्या मधोमध एक टोपी घातलेला वृद्ध उभा आहे, आणि तोही मूर्तिकाराचाच चेहरा मानला जातो. ७ जुलै १५३१ रोजी रीमेनश्नायडरचे निधन झाले. त्याची स्मृतिशिळा त्याचा मुलगा यॉर्ग याने घडविली. यॉर्गही मूर्तिकारच होता. शिळेवरच्या लेखात नगरप्रमुखपदाचा उल्लेख नाही, तसाच बंदिवासाचाही नाही.

त्यानंतर विस्मृतीची तीन शतके गेली. क्रेग्लिंगेनची वेदी धर्मसुधारणेनंतर मिटून ठेवण्यात आली होती. तिची दारे १८३२ साली पुन्हा उघडली गेली. इतकी वर्षे अंधारात राहिल्यामुळेच ते लाकूड धूर, रंग आणि सुधारकांचा रोष यांपासून वाचले. विसाव्या शतकात रीमेनश्नायडर जर्मनीचा लाडका मूर्तिकार झाला होता. १६ मार्च १९४५ रोजी झालेल्या बाँबवर्षावात जुने व्युर्त्सबुर्ग अवघ्या वीस मिनिटांत बेचिराख झाले. नॉयम्युन्स्टर चर्चमधील संत किलियान आणि त्याचे दोन सहकारी यांचे त्याने कोरलेले अर्धपुतळे त्या आगीत जळाले; आज तेथे त्यांच्या प्रतिकृती आहेत. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, २९ मे १९४५ रोजी, परागंदा जर्मन कादंबरीकार टोमास मान याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जर्मनी आणि जर्मन लोक या विषयावर व्याख्यान दिले. आपल्या देशाच्या अधःपाताची मीमांसा करताना त्याने आदराने नाव घेतले ते या मूर्तिकाराचे. गरिबांच्या बाजूने उभे राहण्यासाठी कलेतील शांतता सोडणारा जर्मन त्याला या लाकूडकोरणाऱ्यात आढळला.

युद्धानंतर मारीएनबेर्ग किल्ल्यावर फ्रँकोनिया प्रदेशाचे संग्रहालय स्थापन झाले, आणि रीमेनश्नायडरच्या कृतींचा सर्वांत मोठा संग्रह तेथे ठेवण्यात आला. ज्या गडावर त्याला यातना सोसाव्या लागल्या, तेथेच त्याचे आदाम आणि एवा आले. १९६२ सालच्या ऑगस्टमध्ये फोल्काख गावच्या द्राक्षमळ्यातील चर्चमधून त्याची मरियेची मूर्ती चोरीस गेली, तेव्हा सारा देश हळहळला. एका साप्ताहिकाच्या संपादकाने एक लाख मार्क देऊ केले, आणि मूर्ती परत मिळाली. एका वेदीसाठी साठ गुल्डन घेणाऱ्या कारागिराला हा आकडा ऐकून हसू आले असते.

आज रीमेनश्नायडरचे आयुष्य आपण जाणतो ते त्याच्या शब्दांवरून नव्हे. त्याने आत्मकथन लिहिले नाही, कलेविषयी विचार मांडले नाहीत. संघाच्या वहीतील एक ओळ, विवाहाची नोंद, आदामाच्या दाढीचा ठराव, साठ गुल्डनची पावती, तुरुंगातून सुटल्याची तारीख, एवढीच काय ती सामग्री. कोणा अनाम कारकुनांनी ही पाने लिहिली, आणि आगी व लढाया यांतून कोणीतरी ती सांभाळली. त्या कागदांमुळेच मोडलेल्या हातांची आख्यायिका बाजूला सारता आली, आणि नगरसभेत नकार देणारा माणूस उजेडात आला. रोटेनबुर्गच्या चर्चमध्ये काचेतून आलेला प्रकाश आजही यहूदाच्या खांद्यावरून सरकत येशूच्या पुढे केलेल्या हातापर्यंत जातो. तो हात कोणी कोरला, हे आता पाहणाऱ्याला ठाऊक असते.